माघारीचा दिवस

आमच्या घरात कपबशी, शिडी आणि छत्री या नुसत्या वस्तू नव्हत्या. यांतल्या प्रत्येकीवर माझे वडील एकेकदा निवडणुकीला उभे राहिले होते आणि प्रत्येकीसकट पडले होते. मोठ्या पक्षांची वाटणी झाल्यावर जे उरेल ते चिन्ह अपक्षाच्या पदरात पडतं. निकाल लागला की प्रचारातली ती वस्तू घरी यायची आणि मुकाट्यानं संसाराला लागायची. शिडीवर चढून आई माळ्यावरची भांडी काढायची. ती छत्री शाळेत नेणार नाही म्हणून मी रडायचे, कारण पोरी लांबूनच घोषणा द्यायच्या. आणि पाहुण्यांना चहा दुसऱ्या कुठल्याही कपातून द्यायचा, त्या कपातून नाही, अशी आईची सक्त ताकीद होती. "त्या कपात चहा पिऊन गेलेल्या एकानं तरी मत दिलं का?" असं ती विचारायची. दादा, म्हणजे माझे वडील, यावर फक्त हसायचे. दाताच्या डॉक्टरचं हसू ते, सगळे दात दिसायचे आणि त्यात एकही किडका नसायचा.

नगरहून पाथर्डीकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आमचं घर होतं. पुढं दवाखाना, मागं दंतमंजनाचा कारखाना आणि मधल्या खोल्यांत आम्ही तिघं. कारखाना म्हणायचं ते दादांच्या समाधानासाठी, खरं तर ती एक पत्र्याची शेड होती. तिच्यात एक चक्की, कामाला येणाऱ्या चार बाया आणि वाळत टाकलेली बाभळीची साल. सालीत हिरडा, लवंग, कापूर, सैंधव आणि रंगाला गेरू घालून मंजन व्हायचं. चक्की सुरू झाली की गेरूची धूळ उठायची आणि दुपारच्या उन्हात घरभर तांबूस धुकं तरंगत राहायचं. वाळत घातलेल्या चादरी, आईचे केस, पिठाचा डबा, मांजर, सगळं फिकट गुलाबी. पुढून दात कोरायच्या यंत्राचा बारीक सूर यायचा, मागून चक्कीची घरघर, आणि मधे मी पुस्तक तोंडावर घेऊन अभ्यास करतेय असं दाखवत झोपलेली. तसली झोप पुन्हा मला कधी लागली नाही. अजूनही कुठं लवंग कुटल्याचा वास आला की मला आधी झोप येते आणि मग रडू येतं. माझी सून म्हणते, वय झालं तुमचं. झालं असेल बाई.

दसरा सरला की दवाखान्यापुढं गर्दी व्हायची. आमच्या भागातली गावंच्या गावं ऊसतोडीला जातात. टोळी एकदा साखर कारखान्याच्या तळावर पोचली की उन्हाळा लागेपर्यंत परत येणं नाही, आणि तिकडं दाढ ठणकली तरी बघायला कोण बसलंय? म्हणून माणसं निघायच्या आधीच दात काढून घ्यायला यायची. दुखणारा तर काढायचेच, पुढं दुखेल अशी शंका असलेलाही काढा म्हणायचे. "डॉक्टर, ह्यो बी घ्या उपटून. तिकडं ठणकाया लागला तर मुकादम सुट्टी न्हाई द्यायचा," असं म्हणून एखादा धडधाकट दातावर बोट ठेवायचा. मग दादा त्याची समजूत काढत बसायचे, बाहेर रांग वाढत जायची आणि दुपारचं जेवण तिसऱ्या प्रहरी व्हायचं. निवडणूक नेमकी याच दिवसांत आली तर दादांचा प्रचार म्हणजे हाच दवाखाना, फक्त चाकांवरचा. जीपच्या भोंग्यातून आमचा कंपाउंडर "किडलेलं काढा, डॉक्टरला निवडा" असं ओरडत जायचा. गावात पोचल्यावर दादा भाषणाआधी पुढच्या रांगेतल्या म्हातारीला म्हणायचे, "आजी, जरा आ करा बघू." भाषण राहूनच जायचं. आणि गंमत अशी, की दादांनी ज्यांचे दात काढले ती सगळी माणसं मतदानाच्या दिवशी गावात नसायचीच, टोळीबरोबर कुठल्या कुठं गेलेली असायची. हे दादांना कळत नव्हतं असं नाही.

"मग उभं कशाला राहता?" असं मी एकदा तोंडावर विचारलं होतं. दादा हात धूत होते. म्हणाले, "अगं, आपल्या सरकारी दवाखान्यात दाताची साधी खुर्ची नाही. लोकांना नगर गाठावं लागतं. मी अर्ज करून थकलो, आता म्हटलं स्वतःच जाऊन आणतो." एवढंच त्यांचं राजकारण. त्यावर आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "कुणाला दारू लागती, कुणाला पत्ते. आमच्या ह्यांना इलेक्शन लागलंय." ती हुलग्याचे शेंगोळे वळत होती. तिच्या तळहातात पिठाची वळी इतकी झरझर फिरायची की बघता बघता माझे डोळे जड व्हायचे. लसणाची फोडणी आणि लवंगेचा वास यांची सरमिसळ झाली की ते आमचं घर.

दादांमध्ये एकच खोट होती. त्यांना समोरच्या माणसाला नाही म्हणता यायचं नाही. वर्गणीवाला येवो, उधारीवर मंजन नेणारा येवो, नाहीतर लग्नात भाषण करा म्हणणारा येवो, दादांचा शब्द ठरलेला, "बरं." आणि निवडणुकीत अर्ज भरल्यावर माघार घ्यायला थोडे दिवस देतात, त्या दिवसांत उमेदवाराला सगळ्यात जास्त काय लागत असेल तर ते हे नाही म्हणणं. शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत कचेरीत स्वतः जाऊन सही केली की माघार झाली. न जाता तीन वाजू दिले की माणूस उभा राहिला. आधीच्या खेपेला आमदारांची माणसं आमच्या बैठकीत येऊन बसली होती. पुढं बसला होता माझा सख्खा मामा, विष्णूमामा. आमदारांचा उजवा हात म्हणवून घेण्याची त्याला भारी हौस. त्यांनी गोड बोलून, खांद्यावर हात टाकून दादांना जीपमधून नेलं आणि सही करवून आणली. म्हणून या खेपेला दादांनी नामी युक्ती काढली. "मी घरातच नसलो, तर नाही कुणाला म्हणायचं?"

आता उमेदवारांना लपवायला रिसॉर्ट असतात, तिथले फोटो संध्याकाळच्या आत आपल्या मोबाईलवर येतात. आम्ही आपले पहाटेच्या एस.टी.नं निघालो, दादा आणि मी. मला का, तर बरोबर शाळकरी मुलगी असली की माणूस उमेदवार वाटत नाही, पाहुणा वाटतो. आईनं भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. ती म्हणाली, "कुठं निघालात ते मला सांगू नका. मला खोटं बोलता येत नाही, मी बोलून बसंन." चिडलेली होती. या निवडणुका थांबाव्यात असंच तिला वाटत होतं, पण नवऱ्याला उपाशी पाठवणं तिच्या रक्तात नव्हतं. आणि दादांनी निघताना काय उचललं? कपड्यांची पिशवी मी घेतली, यांनी दवाखान्याची बॅग घेतली. चिमटे, सुया, आरसा, सगळं आत. माणूस निघालाय लपायला आणि बरोबर बॅग! तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. ती बॅग नसलेले दादा मी पाहिलेच नव्हते.

आमच्या मंजनाचा हिरडा भंडारदऱ्याच्या बाजूनं यायचा. तो गोळा करून धाडणारे सोनूबाबा धरणाच्या पाण्याच्या वरच्या अंगाला एका वाडीत राहायचे, त्यांच्याकडे आम्ही उतरलो. मी दुष्काळी भागातली पोर. आमच्याकडे पाणी टँकरनं यायचं आणि भांडणं लावून जायचं. इथं ते डोंगराच्या पायथ्याशी नुसतं पसरून होतं, कुणी राखण करायला नाही, कुणी हंडा घेऊन उभं नाही. मी कितीतरी वेळ बघतच राहिले. सकाळी धुकं इतकं उतरायचं की अंगणातला हिरड्याचा बुंधा दिसायचा आणि झाड दिसायचं नाही. त्या पांढऱ्यातून आधी गुरांच्या घंटा ऐकू यायच्या, मग गुरं यायची, मग त्यांच्या मागून कुणीतरी हाक मारत यायचं. खाचरांत भात पिकून वाकला होता, उतारावर सोनकीची पिवळी फुलं सरत आली होती. नागलीची भाकर, खुरासणीची काळी चटणी आणि वरईचा मऊ भात खाऊन मी ओसरीवर घोंगडीत पडायचे. दादा जवळ बसून गुणगुणत असायचे. एरवी त्यांना कधी बसलेलं बघायला मिळायचं नाही. मला वाटायचं, आपण आता इथंच राहावं, आईला बोलावून घ्यावं आणि निवडणूक तिकडं व्हायची ती होऊन जाऊ द्यावी. स्वप्नात असल्यासारखे गेले ते दिवस. खरंच गेले की मी नंतर मनानं रचले, असंही हल्ली कधी कधी वाटतं.

पण गेल्या गेल्याच दादांनी घोळ घालून ठेवला होता. सोनूबाबांची बायको ठकूबाई गालाला फडकं बांधून चुलीपुढं बसली होती. दादांनी तोंडातला घास कसाबसा गिळला आणि बॅग ओढली. मी म्हटलं, "दादा, आपण लपायला आलोय ना?"

"आपण लपायला आलोय गं. तिची दाढ कुठं लपलीय?"

चुलीवर पाणी उकळून त्यांनी चिमटे काढले, ठकूबाईला सुई दिली आणि दाढ काढली. ठकूबाईनं ती हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि म्हणाली, "ही येवढी रांड मला जेवू दीना व्हय!" झालं. दुसऱ्या दिवशी धुक्यातून गुरांच्या आधी माणसं यायला लागली. कुणी डोंगर उतरून, कुणी पाण्याच्या पलीकडून, गाल धरून, पोराला पाठंगुळी मारून. हिरड्याखाली एक लाकडी खोकं टाकलं, तीच खुर्ची. मी बॅटरी धरायची, दादा "आ करा" म्हणायचे. त्या मार्गावरच्या एस.टी.चा ड्रायव्हरसुद्धा गाडी उभी करून दाढ काढून घेऊन गेला. प्रवासी गाडीत बसून राहिले, कुणी कुरकुर केली नाही. आता हा ड्रायव्हर खाली जाऊन गप्प बसणार होता का? आणि तिकडं विष्णूमामा जीप घेऊन आम्हाला संगमनेर, अकोले असं धुंडाळत होता. अकोल्याच्या स्टँडवरच्या कँटीनमध्ये त्यानं नुसतं "कुणी दाताचा डॉक्टर पाहिला का?" असं विचारलं, तर चार जण एकदम म्हणाले, "फुकट दाढा काढतोय तो ना? जा असंच वर."

माघारीच्या शेवटच्या दिवशी सकाळी धुकं विरत असताना जीप अंगणात आली. पुढून मामा उतरला. मागच्या सीटवर आई होती. घाटात तिला गाडी लागली होती, पदर नाकाला लावून ती डोळे मिटून बसली होती. मामानं तिला आणलं होतं ते मुद्दाम. माझं ऐकलं नाही तरी दाजी तिचं ऐकतील, हा त्याचा हिशेब. आणि तीही आली होती, कारण तिलाही हे सगळं एकदाचं संपायला हवं होतं.

"दाजी, चला," मामा म्हणाला. "आमदारसाहेबांना मी शब्द दिलाय. तुम्ही उभं राह्यलात की गावातली मतं फुटत्यात. दहाच्या आत निगालो तरच तीनला कचेरीत पोचतो."

"विष्णू, आधी चहा घे," दादा म्हणाले. त्यांच्यापुढं खोक्यावर एक आजोबा आ करून बसले होते.

"चहा वाटंत घेऊ. दाजी, आता खेळ पुरे. तुमच्या डिपॉझिटचं जाऊ द्या, माझ्या इज्जतीचं काय?"

दादांनी आजोबांचा दात काढला, कापूस दाबून धरायला सांगितलं आणि सावकाश हात धुतले. रांगेतली माणसं बघत होती. मामानं एकदम पुढं होऊन डोक्यावरची टोपी काढली आणि दादांच्या पायावर ठेवली. आमच्याकडं भरल्या माणसांत कुणी टोपी पायावर ठेवली की मग बोलणं उरत नाही. कर्जात बुडालेला बाप सावकाराच्या पायावर ठेवतो, मुलीचा बाप व्याह्याच्या पायावर ठेवतो. मेहुण्याची टोपी पायावर पडलेली बघून दादा कसनुसे झाले. त्यांनी ती घाईघाईनं उचलली, झटकली आणि मामाच्या डोक्यावर नीट बसवली. मग खाली बघत ते म्हणाले, "बरं."

"दादा, नाही म्हणा ना!" मी किंचाळलेच. इतका राग मला आयुष्यात कधी आला नव्हता. "एकदा तरी नाही म्हणा!"

"कुंदे, टोपी ठेवली गं त्यानं," दादा म्हणाले आणि वाकून चिमटे पुसून एकेक बॅगेत ठेवायला लागले. गुणगुणणं बंद झालं होतं. चेहरा असा झाला होता की मला त्यांच्याकडं बघवेना. मागं उभी असलेली ठकूबाई म्हणाली, "म्हंजी आमची दुखती दातं ऱ्हायली का काय?"

जीपचं मागचं दार वाजलं. आई उतरली होती. ती हळूहळू चालत आली, रांजणातल्या पाण्यानं तिनं चूळ भरली, तोंड पुसलं. मला वाटलं, आता ही दादांच्या हातातली बॅग घेणार आणि आम्हाला गाडीत घालणार. ती आली ती सरळ हिरड्याखालच्या खोक्यावर बसली.

"आधी माझी दाढ बघा," ती दादांना म्हणाली.

"ताई, डोकं ठिकाणावर हाय का तुझं?" मामा म्हणाला. "नगरला दाखवू तुझी दाढ. टाइम बघ."

आई बसल्या जागेवरून त्याच्याकडं वळली. तिचा आवाज चढला नव्हता, पण मी तिला भावाशी असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. "इष्णू, हे पडणारच हायेत. मला कळत न्हाई व्हय? ह्येंना कोण देतंय मत? पण पडल्यावर हा माणूस दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडतो, जेवतो, हसतो. मागल्या खेपेला तुमी सगळ्यांनी नेऊन सही करून घेतली, तवा दिवाळी झाली तरी हा माणूस धड जेवला न्हवता. भिंतीकडं तोंड करून निजायचा. तू मिठाई खाऊन गेलास, बघितलं मी. पडू दे त्यांना किती पडायचं ते. तू त्यांना खाली बसवू नको."

"आन माझ्या शब्दाचं?"

"तुझी टोपी दिली ना त्यांनी तुझ्या डोक्यावर परत? मग झालं तर." आणि ती दादांकडं वळली. "बघताय ना?"

दादा तसेच उभे होते, हातात चिमटा. मग त्यांनी बॅगेतून आरसा काढला, गरम पाण्यात बुडवून घेतला आणि तिच्यापुढं उकिडवे बसले. मी बॅटरी धरली.

"आ कर," दादा म्हणाले. "कुठली दुखते?"

आईनं बोटानं एक दाढ दाखवली. दादांनी आरशाच्या दांड्यानं त्यावर हलकेच ठोकलं. "ही तर चांगली आहे." तिनं दुसरी दाखवली. तीही चांगली. तिनं पलीकडची दाखवली. रांगेतला कुणीतरी खुसखुसला, ठकूबाईनं त्याला दटावलं. मामा जीपच्या बॉनेटवर हात आपटून म्हणाला, "ताई, दहा वाजत आले!" आईनं बघितलंच नाही त्याच्याकडं.

दादांनी आरसा बाहेर काढला. त्यांचे डोळे भरून आले होते. "तुझं काहीच दुखत नाहीये ना गं?" ते अगदी हळू म्हणाले.

"वरचं राह्यलंय बघायचं," आई म्हणाली. "नीट बघा. सावकाश." आणि तिनं पुन्हा आ केला.

दादांनी वरचा एकेक दात बघितला. मग खालचे परत पहिल्यापासून. मामा जीपमध्ये जाऊन बसला, भोंगा वाजवून पाहिला, मग त्यानं तोही बंद केला. धुकं विरून गेलं होतं, खालचं पाणी स्वच्छ दिसायला लागलं, उन्हाचा चटका हिरड्यातून खाली आला. माझ्या हातातल्या बॅटरीची आता कुणालाच गरज नव्हती, तरी मी ती धरून होते. आई तोंड मिटेना, आणि दादाही तिला मीट म्हणेनात.